पडद्यावरचा इतिहास-भूगोल आणि आपला तालुका

इतिहास-भूगोलाचा तास म्हणजे वाचनाचा तास, ही आपल्या शाळांची जुनी सवय. एकानं उभं राहून धडा वाचायचा, बाकीच्यांनी ओळीवर बोट ठेवायचं आणि शेवटी स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावरून वहीत उतरवून घ्यायची. गणिताला किंवा इंग्रजीला तासिका कमी पडली तर ती याच विषयातून काढली जाते. वर्गात प्रोजेक्टर आला, स्मार्ट टीव्ही आला, शिक्षकांच्या आणि पालकांच्या हातात मोबाइल आला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानं हा तास किती बदलला? तिवसा तालुक्यातल्या, म्हणजे अमरावती-नागपूर महामार्ग आणि वर्धा नदी यांच्या आसपासच्या गावांतल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून मी या प्रश्नाकडे पाहतो आहे. मराठीतून सामाजिक शास्त्रं शिकवणाऱ्या शिक्षकाला इंटरनेटवर आज खूप काही मिळतं. मात्र त्यातलं सगळ्यात मोलाचं मुलांसाठी म्हणून कुणी केलेलंच नाही, असं माझं मत झालं आहे.

सुरुवात बालभारतीपासूनच करायला हवी. २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या या संस्थेची पाठ्यपुस्तकं आता ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात. जुलै उजाडला तरी पुस्तकांचा गठ्ठा न आलेल्या शाळेला याची किंमत कळते. तिसरीच्या परिसर अभ्यासाची जिल्हावार पुस्तकं तर मला फार महत्त्वाची वाटतात. आठ वर्षांच्या मुलाला आधी आपला जिल्हा दाखवायचा आणि मग देश, जग, हा क्रम योग्यच आहे. पण इयत्ता वाढत जाते तसा जिल्हा पुस्तकातून दिसेनासा होतो. दहावीच्या भूगोलात मूल भारताची तुलना ब्राझीलशी करतं, आणि स्वतःच्या गावाचा नाला कोणत्या नदीला मिळतो हे मात्र त्याला सांगता येत नाही. ब्राझीलला माझा आक्षेप नाही. तुलना ही भूगोलाची फार चांगली रीत आहे, फक्त तुलनेची एक बाजू मुलाच्या पायाखालची हवी.

५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे सरकारी शैक्षणिक व्यासपीठ सुरू झालं आणि धड्यावरचा क्यूआर कोड मोबाइलनं टिपला की त्या धड्याची चित्रफीत उघडू लागली. महाराष्ट्रात या कल्पनेला चालना देणाऱ्यांत रणजितसिंह डिसले यांचं नाव घ्यावं लागतं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत त्यांनी पुस्तकांना कोड जोडले. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. खेड्यातल्या शाळेतून निघालेली कल्पना राज्यभर पोचली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

कोडमागचं साहित्य मात्र सारख्या दर्जाचं नाही. भूगोलाच्या चित्रफिती बऱ्याचदा उत्तम असतात. पृथ्वीचं परिभ्रमण, भरती-ओहोटी, पर्जन्याचे प्रकार या गोष्टी हलत्या चित्रात जशा समजतात तशा खडूनं समजावता येत नाहीत. इतिहासाच्या अनेक चित्रफितींत कुणीतरी धडाच वाचतं आणि मागे चित्रं सरकतात. वर्गातली वाचनाची सवय तिथे पडद्यावर जाऊन बसली आहे. यूट्यूबवर तर शोधलं जातं ते मुख्यतः ‘स्वाध्याय’. धड्याचं नाव टाकलं की तयार उत्तरं येतात, मूल ती उतरवतं आणि वही पूर्ण होते. या सोयीनं इतिहासाचं जेवढं नुकसान केलं तेवढं गाइडांनीही केलं नसेल.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या मालिकेतून रोजच्या अभ्यासाचे दुवे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवले, आणि जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायला लागली. दूरचित्रवाणीचा मार्ग शहाणपणाचा होता, कारण घरातला एकुलता स्मार्टफोन वडिलांसोबत सकाळीच वावरात जातो. ही अडचण आजही तशीच आहे. ऑनलाइन साहित्य मुलाकडे थेट पोचतं असं गृहीत धरणं चूक आहे. ते पोचतं शिक्षकाकडे, आणि शिक्षक त्याचं काय करतो यावर पुढचं सगळं ठरतं.

नकाशांच्या बाबतीत हे सर्वांत ठळक दिसतं. इस्रोचं ‘भुवन’ २००९ पासून उपलब्ध आहे, गुगल अर्थ त्याच्याही आधीपासून. सर्व्हे ऑफ इंडियाचे पन्नास हजारात एक प्रमाणाचे नकाशे २०१७ पासून नोंदणी करून फुकट घेता येतात. एके काळी या नकाशांसाठी कचेरीत अर्ज करावा लागे.

तालुक्यातल्या एका शाळेत सातवीच्या वर्गात मी उपग्रहचित्राचा तास पाहिला. मॅडमनी भिंतीवर चित्र लावलं, खिडकीला चादर बांधली आणि काहीही न सांगता विचारलं, हे काय आहे? मुलांनी आधी महामार्ग ओळखला. मग ठिपक्याठिपक्यांच्या सरळ रांगा दिसल्या, ते संत्र्याचे बगीचे. ठिपके नाहीत तिथे कपाशी किंवा सोयाबीन असणार, हे एका मुलीनं स्वतःच काढलं. वर्धा नदीचं रुंद पात्र आणि त्यातली रेती उजळ रंगात उठून दिसत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मॅडम, हे तं आमचं वावर हाये! पण नाल्यावरचा बंधारा काहून नाही दिसून राह्यला?’ बंधारा अलीकडे बांधलेला, चित्र त्याआधीचं. मॅडमनी खाली कोपऱ्यात लिहिलेली चित्राची तारीख दाखवली आणि तास तिथून वेगळ्याच वाटेला लागला. नकाशालाही तारीख असते, तो कुणीतरी कधीतरी केलेला असतो, हे त्या पोरांना आपल्या बंधाऱ्यावरून कळलं. सामाजिक शास्त्रांचा गाभा मला विचाराल तर हाच आहे. समोर आलेली माहिती कुणाची, कधीची आणि कशासाठी केलेली, हे विचारायची सवय. त्या तासाला निवेदन नव्हतं, संगीत नव्हतं, किंबहुना चित्रफीतच नव्हती. होतं ते निव्वळ एक चित्र आणि गप्प राहण्याचं धैर्य असलेल्या एक शिक्षिका.

हाच प्रश्न आकड्यांना विचारून पाहावा. मराठी विश्वकोशाचे सगळे खंड आता ऑनलाइन आहेत, आणि शिक्षकानं रोज उघडावं असं हे संकेतस्थळ आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सुरू झालेल्या या कोशातली अमरावती जिल्ह्याची नोंद जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १५ लाख ४१ हजार सांगते. तो १९७१ च्या जनगणनेचा आकडा आहे. २०११ च्या जनगणनेत ती २८ लाख ८८ हजारांवर गेली. दोन्ही आकडे मुलांसमोर ठेवले की ‘यातला बरोबर कोणता?’ हा प्रश्न येतोच. दोन्ही बरोबर, आपापल्या साली! मग चाळीस वर्षांत माणसं कुठे वाढली, गावात की अमरावती शहरात, हे शोधायला जनगणनेची जिल्हा पुस्तिका आहे. तिच्यात गावागावाची कुटुंबं, लोकसंख्या, साक्षरता, पाण्याची सोय असं सगळं कोष्टकांत दिलेलं आहे. पुस्तिका इंग्रजीत आहे आणि मुलांसाठी तर नाहीच. पण आपल्या गावाची एक ओळ शोधून तिचा स्तंभालेख काढायला सहावीचं मूल पुरेसं आहे.

जुनं गॅझेटियर याहून समृद्ध आहे. फिट्झगेराल्ड आणि नेल्सन यांनी संपादित केलेलं अमरावती जिल्ह्याचं १९११ चं गॅझेटियर इंटरनेटवर सहज वाचायला मिळतं. कापूस, बाजारगावं, दुष्काळ, रस्ते, जमीनमहसूल असं पाटलाच्या आणि पटवाऱ्याच्या जगातलं सगळं त्यात आलं आहे. वऱ्हाडचा इतिहास मुळातच गुंतागुंतीचा. १८५३ मध्ये निजामाकडून हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्यानं दिला गेला, आणि कागदोपत्री मालकी तरीही निजामाचीच राहिली. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे, १८६१ ते १८६५ या काळात, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून निघालेली रेल्वे बडनेरा-धामणगावावरून नागपुरात पोचली. लिंकनचं युद्ध, लँकेशायरच्या गिरण्या आणि आपल्या आजोबांच्या आजोबांची पऱ्हाटी हे एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत, हे कापूस उत्पादकाच्या मुलाला शाळेत कळायला नको का? पाठ्यपुस्तकाच्या चार ओळींत ते मावत नाही, ते गॅझेटियरमध्ये आहे. पण ते साहेबाच्या नजरेनं लिहिलेलं आहे, हेही त्याच तासाला सांगायला हवं. महसूल गोळा करणाऱ्याला गाव कसं दिसतं, आणि महसूल भरणाऱ्याला कसं? दुसऱ्या बाजूच्या आजच्या गोष्टींसाठी पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं दालन आहे. त्यातले विदर्भातल्या शेतकऱ्यांवरचे कितीतरी लेख मराठीत वाचता येतात.

नागरिकशास्त्र हा सामाजिक शास्त्रांतला सर्वांत दुर्लक्षित भाऊ, आणि त्याच्याचसाठी ऑनलाइन साधनं सर्वांत जिवंत आहेत. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’वर प्रत्येक ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि जमाखर्च पाहता येतो. राज्य, जिल्हा, तालुका, गाव अशी निवड करत गेलं की आपल्याच गावातलं नालीचं बांधकाम, अंगणवाडीची दुरुस्ती, पाण्याच्या टाकीचा खर्च समोर येतो. ‘ग्रामसभेची कार्ये लिहा’ या प्रश्नाचं पाठ उत्तर आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मागे बसून आपण वाचलेल्या कामाची चर्चा ऐकणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही गावांत हे अवघड जाईल, मुलांच्या प्रश्नांनी कुणीतरी दुखावेल. शिक्षकानं सरपंचांना आणि ग्रामसेवकांना आधी विश्वासात घ्यावं, पण थांबू नये.

संविधान सभेतल्या चर्चाही आता शोधता येण्याजोग्या स्वरूपात उपलब्ध आहेत. त्या सभेत आपल्या जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख होते. पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. बाबासाहेब आंबेडकर १९२७ साली अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या प्रश्नावर अमरावतीला परिषदेसाठी आले होते. समतेचा हक्क शिकवताना मंदिर प्रवेशाचा प्रश्न बसनं तासाभराच्या अंतरावर घडलेला असेल, तर तिथूनच सुरुवात व्हावी.

खुद्द तालुक्यात काय कमी आहे? मोझरीला १९३५ मध्ये तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. त्यांची ‘ग्रामगीता’ १९५५ ची. गावाची स्वच्छता, शिक्षण, निवडणूक, श्रमदान यांवर ओवीबद्ध विचार मांडणारा हा ग्रंथ आज मोबाइलवर वाचता येतो. नागरिकशास्त्राला याहून जवळचं पूरक वाचन कोणतं सापडणार? १९४२ च्या ऑगस्टमध्ये महाराजांना अटक झाली, आणि नदीपलीकडचं आष्टी त्याच महिन्यात पेटलं. वर्धेच्या काठी कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर म्हणून साऱ्या महाराष्ट्राला माहीत असलेलं. आषाढीला तिथून पालखी पंढरपूरला जाते. याच गावी १९६० च्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि १९६८ मध्ये त्याचा अहवाल निघाला. सातवाहनकाळ आणि त्याआधीच्या वस्तीच्या खुणा तिथे मिळाल्या. श्रद्धेनं सांगितलेलं गाव आणि कुदळीनं सांगितलेलं गाव एकाच टेकाडावर आहेत, दोन्हींचा मान ठेवून दोन्ही शिकवता येतात. दहावीच्या इतिहासात उपयोजित इतिहास आणि ऐतिहासिक ठेव्यांचं जतन असे धडे आहेतच. त्यांचं प्रात्यक्षिक करायला तिवश्याच्या मुलांना अजिंठ्याच्या चित्रफितीची वाट पाहावी लागत नाही. पण अहवाल इंग्रजीत, तांत्रिक भाषेत, आणि मुलांपर्यंत तो आणणारं कुणी नाही.

मूळ कागद मुलांपर्यंत आणायचं हेच काम अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानं करून ठेवलं आहे. जुनी पत्रं, छायाचित्रं, नकाशे यांचे छोटे संच आणि प्रत्येकासोबत शिक्षकासाठी प्रश्न. स्वीडनच्या गॅपमाइंडरची ‘डॉलर स्ट्रीट’ तर भाषेवाचूनही चालते. जगभरच्या कुटुंबांच्या चुली, पलंग, दात घासायची साधनं यांचे फोटो उत्पन्नाच्या क्रमानं लावलेले. आफ्रिकेतली चूल आपल्या आजीच्या चुलीसारखी निघाली की देशांविषयीचे कितीतरी गैरसमज आपोआप गळतात. बाहेरचं असं साहित्य जरूर घ्यावं.

आपल्याकडे कच्चा माल आहे, शिक्षक आहेत, दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषदही भरते. या परिषदांमध्ये एक काम ठरवून घ्यायला हवं. तालुक्यापुरते कागद निवडायचे. गॅझेटियरचं एखादं पान, कौंडण्यपूरच्या अहवालातलं चित्र, गावाची जनगणनेची ओळ, पंचायतीचा आराखडा, उपग्रहचित्र. प्रत्येकाखाली सोप्या मराठीत अर्थ आणि मुलांनी शोधायचे दोन-तीन प्रश्न. जिथे जमेल तिथे वऱ्हाडीतही, कारण पहिला प्रश्न मूल त्याच बोलीत विचारतं. एका पानाची ही फाइल नेटवर्क नसलेल्या गावात छापूनही देता येते. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेनं (डायटनं) अशा फाइली तपासाव्यात, चुका काढाव्यात आणि करणाऱ्या शिक्षकाचं नाव खाली छापावं. ऑनलाइन माहिती भरणं या नावाखाली शिक्षकांचे जे तास जातात, त्यातले थोडे या कामासाठी मोकळे केले तरी पुरेसं आहे.

पहिली फाइल जनगणनेची करावी. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. आज सहावी-सातवीत असलेली मुलं शाळा सोडण्याआधी आपल्या गावाचे नवे आकडे पाहतील, असं धरायला हरकत नाही. २०११ ची आपल्या गावाची ओळ त्यांनी या सत्रातच वहीत उतरवून ठेवावी, आणि सोळा वर्षांत काय बदललं असेल याचा आपला अंदाज तिच्याखाली तारीख घालून लिहावा.