परदेशांतील ख्रिस्ती सेवेची पूर्वतयारी आणि मराठी पोथ्या

लोहा (जि. नांदेड) येथील एका परिचित कुटुंबांतील तरुण एक वर्षाच्या ख्रिस्ती सेवेकरितां परदेशीं जाण्याच्या तयारींत असतां त्यानें प्रस्तुत लेखकास सहज विचारलें, कीं पूर्वीं जे लोक अशाच कामासाठीं आपल्याकडे आले ते निघण्यापूर्वीं काय शिकून येत? प्रश्न साधा दिसला तरी त्याचें उत्तर मिशनांच्या अहवालांपेक्षां मराठी पोथ्यांच्या इतिहासांत अधिक सांपडतें. म्हणून तो विषय या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें. धर्मांतराच्या बऱ्यावाईटाचा निवाडा करणें हा येथें हेतु नव्हे.

या बाबतींतलें आपल्याकडील जुनें व भरघोस उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स याचें. हा विल्टशायर परगण्यांतील इंग्रज. 1575 त तो रोम येथें जेझुइट संघांत शिरला व 4 एप्रिल 1579 रोजीं लिस्बनहून निघून 24 ऑक्टोबरला गोव्यास पोंचला. पोंचल्यावर थोड्याच दिवसांनीं त्यानें आपल्या वडिलांस लिहिलेलें पत्र हॅक्लुइटच्या प्रवाससंग्रहांत छापलेलें आहे. जहाजावर दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं व सत्तावीस मेलीं; हिरड्या सुजून अंगांत त्राण राहत नसे; आणि इतर वर्षांच्या मानानें ही हानि फारशी समजली गेली नाहीं, असें तो त्यांत सांगतो. यावरून त्या काळीं तयारी म्हणजे प्रथम मरणाची तयारी होती हें उघड आहे. ज्या भाषेंत पुढें त्याचें नांव राहावयाचें होतें, ती मात्र त्याला गोव्याच्या भूमीवरच शिकावी लागली. खरी पूर्वतयारी मुक्कामाला पोंचल्यावर सुरू झाली म्हणावयाची.

ती लवकर सुरू झाली याला पुरावा आहे. 1583 त बंधूस लिहिलेल्या पत्रांत त्यानें इकडील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें नमूद केलें. सर विल्यम जोन्स यांचें या विषयावरील सुप्रसिद्ध भाषण 1786 चें; म्हणजे दोनशें वर्षें नंतरचें. चार वर्षांच्या अभ्यासांत एका परक्या माणसास ही गोष्ट दिसली. परंतु 'क्रिस्तपुराण' राशोल येथें छापलें गेलें तें 1616 त; म्हणजे तो येथें येऊन सदतीस वर्षें लोटल्यावर. आमच्या लोह्याच्या मित्रानें हा हिशेब ऐकला तेव्हां तो थोडा खट्टू झाला, कारण त्याच्या हातीं बाराच महिने होते!

या ग्रंथाच्या ओव्या सुमारें अकरा हजार. त्याचीं 'पहिलें पुराण' व 'दुसरें पुराण' अशीं दोन अंगें असून एकांत बायबलांतील जुन्या कराराचा व दुसऱ्यांत नव्याचा विषय आहे. ग्रंथाची उत्पत्ति त्यांतच सांगितली आहे. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांपैकीं एकानें तक्रार केली, कीं आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं सोडावयास लाविलीं, तर त्यांच्या जागीं आम्हांस वाचावयास कांहीं तरी द्या. त्या मागणींतून हें काव्य निघालें. पैठणास एकनाथमहाराज 1599 पर्यंत हयात होते. तेव्हां गोदातीरीं व साष्टींत ओवी एकाच पिढींत किती निरनिराळ्या कामांस लागली होती, हें मराठवाड्यांतील वाचकांच्या ध्यानांत येईल.

आतां हा मराठी ग्रंथकार घडविला कोणीं? गुरूचें नांव ग्रंथावर नाहीं. परंतु अशा शिक्षणाचीं साधनें कशीं असत याचा एक नमुना पोर्तुगालांतील ब्रागा येथील ग्रंथालयांत आहे. तेथें रामायण-महाभारतांतील कथांचीं कोंकणी व मराठी हस्तलिखितें रोमन लिपींत उतरलेलीं आहेत, आणि नव्यानें येणाऱ्या पाद्र्यांस भाषा शिकण्यासाठीं हीं उतरून घेतलीं असावींत असें अभ्यासक मानतात. ज्या पोथ्या लोकांच्या घरांतून काढून घेतल्या जात होत्या, त्याच मठांत पाठ्यपुस्तकें झाल्या! या विसंगतीमुळेंच त्या आज वाचावयास मिळतात. पुढें धोरणही पालटलें. 1606 च्या गोव्यांतील धर्मपरिषदेनें लोकभाषा न येणाऱ्या पाद्र्यास देवळाचा कारभार देऊं नये असें ठरविलें होतें. तर 1684 त व्हाइसरॉयनें लोकांनींच तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावें असा हुकूम काढला. शिकण्याचा भार पाहुण्यावरून यजमानावर आला.

क्रिस्तपुराणाच्या 1616, 1649 व 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाहीं. 1907 त मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं जी आवृत्ति काढली ती हस्तलिखितांवरून, आणि रोमन लिपींत. लंडन येथील मार्स्डेन संग्रहांतील देवनागरी प्रत पुढें जस्टिन अ‍ॅबट यांनीं 1923 त प्रकाशांत आणली. हे अ‍ॅबट अमेरिकन मराठी मिशनचे, महीपतीच्या संतचरित्रांचे भाषांतरकार. मार्स्डेन प्रतींत संस्कृत वळणाचे शब्द अधिक आहेत. रोमन परंपरेंतील प्रतींत तेथें पुष्कळ ठिकाणीं निराळे शब्द येतात. मूळ पाठ कोणता हा वाद येथें सोडवीत नाहीं. पण लिपि बदलली कीं शब्दही बदलतात, हें पोथी पाहणाऱ्यानें मनांत बाळगावें. श्री. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति 1956 ची आहे.

इंग्रजी अमदानींत हीच तयारी छापखान्याच्या आश्रयानें झाली. विल्यम केरी महाराष्ट्रांत कधीं राहिला नाहीं. तरीही त्याचें मराठी व्याकरण 1805 त, व मोडी अक्षरांत छापलेला कोश 1810 त श्रीरामपूर येथें निघाला. त्याच्या मागें फोर्ट विल्यम कॉलेजांतील पंडित वैजनाथ होते. गुरूचें नांव टिकलें असें हें एक दुर्मिळ उदाहरण होय.

दिशा उलटी असलेलें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशांतून त्यांनीं प्रवासखर्चाची सोय केली व 1883 त त्या इंग्लंडांत वाँटेज येथील मठांत जाऊन राहिल्या. तेथें त्यांचा करार असा, कीं हिंदुस्थानांत जाणाऱ्या भगिनींस त्यांनीं मराठी शिकवावें व त्याबदलीं त्यांचें शिक्षण व निर्वाह व्हावा. येथें पंडित स्वतःच समुद्र ओलांडून गेला, आणि फी काय घ्यावयाची हेंही त्यानेंच ठरविलें. आमच्या भागास जवळचे जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्रि 1873 त न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले होते; पण तो प्रवास भाषणांचा होता, सेवेचा नव्हे.

तरुण मित्रास एवढेंच सांगितलें, कीं सामानाच्या यादींत दोन कोऱ्या वह्या घाल. एकींत तिकडचे शब्द जसे कानीं पडतील तसे देवनागरींत उतर, आणि शब्द ज्यानें सांगितला त्याचें नांव पुढें लिही. संग्राहकांस विनंति अशी: पाद्र्यांच्या जुन्या बंगल्यांतून वा शिक्षकांच्या घरांतून मोडी कित्ते, कोऱ्या पानांची जोड देऊन बांधलेलीं व्याकरणें, शब्दांच्या हातवह्या हातीं आल्यास त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. बखरी व सनदा शोधतांना असलीं बाडें आपण सर्वचजण बाजूस सारतों; प्रस्तुत लेखकानेंही पूर्वीं सारलीं आहेत. समासांतील दुसऱ्या हस्ताक्षराकडे विशेष लक्ष द्यावें. तें बहुधा पंतोजीचें असतें.