सॉरी शक्तिमान!

परवा रात्री मेसमध्ये एका टेबलावर जोरदार हशा चालला होता. मला वाटलं, कुणाचं तरी ओरल गंडलेलं दिसतंय. जवळ जाऊन बघतो तर लॅपटॉपवर 'शक्तिमान'चा जुना भाग! "सर, हे तुम्ही सिरीयसली बघायचात?" एकाने विचारलं. बघायचो म्हणजे काय, रविवारी दुपारी जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोरच बसायचो! म्हणून हा लेखप्रपंच.

ही मालिका सप्टेंबर १९९७ ते मार्च २००५ दूरदर्शनवर चालली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये ती पुन्हा दाखवली गेली, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. दिग्दर्शक दिनकर जानी, नायक 'महाभारत'मधले भीष्म म्हणजे मुकेश खन्ना. आणि पुणेकरांनो, कॉलर ताठ करा! खन्ना आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. महागुरू झालेले टॉम ऑल्टरही तिथलेच.

आता जमेच्या बाजू. पहिली म्हणजे गंगाधर. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री! (हजेरी घेताना एवढ्या नावातच लेक्चर संपेल.) पुढे आलेले दात, जाड चष्मा, अतिशुद्ध हिंदी आणि पेपरात फोटोग्राफरची नोकरी. सुपरमॅनच्या क्लार्क केंटचा हा चुलतभाऊ हे उघड आहे, पण याला स्वतःची बोली आहे, चाल आहे, लाज आहे. तोच नट एका मिनिटात खांदे सरळ करतो, आवाज खाली आणतो आणि माणूस बदलतो. त्याला ग्राफिक्स लागत नाहीत.

दुसरी बाजू म्हणजे त्याची शक्ती. ती परग्रहावरून आली नाही की लॅबमधल्या अपघातातून नाही. योगसाधना, सात चक्रं, पंचमहाभूतं असा सगळा हिशोब होता. म्हणजे अभ्यास केला तर आपल्यालाही जमेल, असं पोरांना वाटायचं.

आता उणे बाजू. ग्राफिक्सला हसा खुशाल, मीही हसतो. खरी अडचण वेगळीच आहे. गंगाधर अडखळतो, पण शक्तिमान कधीच चुकत नाही, त्याला शंका पडत नाही. नायक बदलतच नाही म्हटल्यावर गोष्ट पुढे सरकणार कशी? मग तमराज किल्विषने नवा राक्षस पाठवायचा, डॉक्टर जैकालने नवा प्रयोग करायचा, आणि पुन्हा तेच गरगर फिरणं.

आणि सर्वांत मोठी उणीव जमेच्या बाजूतूनच आली. १९९८ साली मी चौथीत होतो. आमच्या वाड्याच्या गॅलरीच्या कठड्यावर चढून मी गिरकी घेणार, तेवढ्यात आजीने मागून चड्डी पकडली. नाहीतर आज हा लेख लिहायला मी नसतो. मला उडता येईल असं वाटत नव्हतं. पडलो तर तो येईल, याची मात्र पक्की खात्री होती! सगळ्यांच्या मागे आजी नसते. शक्तिमान वाचवेल म्हणून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात येत. त्या सगळ्याच खऱ्या होत्या का, यावर वादही झाले.

मालिकेने यावर उपाय कुणाकरवी केला? शक्तिमानकरवीच! भागाच्या शेवटी तो मुलांशी बोलायचा, माझी नक्कल करू नका म्हणायचा. 'छोटी छोटी मगर मोटी बातें'मध्ये चूक करणारं पोरगं "सॉरी शक्तिमान" म्हणायचं. आम्ही आईचं ऐकत नव्हतो, त्याचं ऐकायचो. मीही कठडा सोडला, तो आजीच्या धपाट्याने नव्हे, त्याने सांगितलं म्हणून.

तेव्हा मित्रहो, ग्राफिक्स जुनं झालं म्हणून ही मालिका मोडीत काढू नका. तिचं पात्र खरं वाटलं, हेच तिचं यश आणि तेच तिचं संकट. उद्या तुम्ही पूल बांधाल, सॉफ्टवेअर लिहाल. लोक त्यावर असाच डोळे झाकून विश्वास टाकतील, एवढं ध्यानात ठेवा.

आणि हो, रात्री अकरानंतर मेसमध्ये लॅपटॉप दिसला तर मात्र "सॉरी सर" चालणार नाही!