विश्लेषण : ना राजा, ना राणी... ८१ पानांचा ‘सेट’ एकट्याने कसा खेळतात?

मोबाइलवर असो वा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, सॉलिटेअर कधीच न खेळलेला माणूस विरळाच. पण त्यात दोन अडचणी असतात. पाने वाईट आली तर कितीही डोके चालवा, काही डाव सुटतच नाहीत. आणि खरे पत्ते घेऊन बसलात, तर एखादे पान हळूच उलटून पाहिले तरी विचारणारे कोणी नसते. ‘सेट’ नावाच्या खास कॅटवर एकट्याने खेळायच्या डावात मात्र नशिबाला फारसा वाव नाही आणि तुमची चूक शेवटी एक पालथे पान पकडून देते. कसे, ते पाहू.

हा कॅट वेगळा कसा?

यात इस्पिक, बदाम, राजा, राणी काहीच नाही. एकूण ८१ पाने असतात आणि प्रत्येक पानावर चार गोष्टी पाहायच्या : आकार (लंबगोल, चौकट किंवा नागमोडी), संख्या (एक, दोन किंवा तीन), रंग (लाल, हिरवा किंवा जांभळा) आणि भरण (भरीव, रेघांचे किंवा पोकळ). चार गुण, प्रत्येकाचे तीन प्रकार; म्हणून ३ × ३ × ३ × ३ = ८१. कोणतेही पान दुसऱ्यांदा येत नाही.

हा खेळ जन्मला तो प्रयोगशाळेतल्या कामातून. मार्शा फाल्को या संशोधक १९७४ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथे जर्मन शेफर्ड कुत्र्यांमधील अपस्मार आनुवंशिक आहे का, याचा अभ्यास करत होत्या. प्रत्येक कुत्र्याची माहिती त्या एकेका कार्डावर खुणांनी नोंदवत. त्या खुणांच्या जुळण्या शोधता शोधता त्यांना खेळ सुचला. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आला.

‘सेट’ कशाला म्हणायचे?

नाव ऐकून रमीतला सेट आठवेल, पण नियम वेगळा आहे. तीन पाने घ्या आणि चारही गुण एकेक करून तपासा. प्रत्येक गुण तिन्ही पानांवर एकतर सारखा हवा किंवा तिन्हीवर वेगवेगळा हवा. ‘दोन सारखे, एक वेगळे’ असे एकाही गुणात झाले, तर सेट बाद.

उदाहरणार्थ, एक लाल भरीव चौकट, दोन हिरव्या भरीव चौकटी आणि तीन जांभळ्या भरीव चौकटी. आकार सारखा, भरण सारखे, संख्या तिन्ही वेगळ्या, रंग तिन्ही वेगळे. हा सेट झाला. तिसऱ्या पानावर जांभळ्याऐवजी हिरवा रंग असता, तर दोन हिरवी आणि एक लाल म्हणून तो फसला असता.

एकट्याने डाव कसा मांडायचा?

१. पाने नीट पिसा. एक पान न पाहता पालथे बाजूला ठेवा.

२. उरलेल्यांपैकी बारा पाने उघडी मांडा, तीन ओळींत चार-चार.

३. सेट दिसला की ती तीन पाने उचला आणि त्या जागी हातातली तीन नवी पाने ठेवा.

४. सेट नाहीच अशी खात्री झाली, तर आणखी तीन पाने मांडा. अशी पंधरा पाने असताना सेट उचलला, तर लगेच भरती करू नका. पुन्हा बारावर या.

५. शेवटी हातात दोनच पाने उरतील, तीही मांडा. मग सेट मिळेनासे झाले की डाव संपला.

सेट दिसतच नसेल तर?

नवखा खेळाडू इथेच घाई करतो. पहिल्या बारा पानांत एकही सेट नसणे, असे शंभर डावांत साधारण तीनदाच घडते. सरासरी काढली तर बारा पानांत अडीचहून अधिक सेट लपलेले असतात. डाव पुढे सरकतो तशी अडकण्याची शक्यता वाढते, तरीही बहुतेक वेळा सेट समोरच असतो.

उपाय सोपा आहे. कोणतीही दोन पाने घेतली, की सेट पुरे करणारे तिसरे पान एकच असते. ते आधी मनात ठरवा आणि मगच शोधा. सुरुवातीला हेही जड वाटले, तर फक्त भरीव आकृत्यांची २७ पाने वेगळी काढा आणि नऊ-नऊ मांडून सराव करा.

पालथे पान कसे ओळखायचे?

या डावाची खरी गंमत इथे आहे. डाव संपल्यावर समोर काही पाने उरतात. एकेक गुण घ्या. समजा आठ पाने उरली आणि त्यात लाल तीन, हिरवी तीन, जांभळी दोन आहेत. प्रत्येक संख्येला तीनने भागा. बाकी येते शून्य, शून्य आणि दोन. ज्याची बाकी इतर दोघांपेक्षा वेगळी, तोच पालथ्या पानाचा रंग. म्हणजे जांभळा. असेच संख्या, आकार आणि भरण यांचे करा. चार उत्तरांतून एकच पान ठरते. आता ते उलटा.

हे जमते, कारण पूर्ण कॅटमध्ये प्रत्येक प्रकार २७ वेळा येतो आणि बरोबर सेट उचलला की तिन्ही प्रकारांच्या बाक्या एकसारख्याच राहतात. मध्ये एक जरी चुकीचा सेट उचलला असेल, तर हिशेब हमखास दुसरेच पान सांगतो. (दोन चुका मात्र क्वचित एकमेकींना झाकू शकतात.)

गणितज्ञांना यात काय दिसले?

एकही सेट नसलेली जास्तीत जास्त किती पाने मांडता येतील? उत्तर आहे २०. एकविसाव्या पानाला सेट होणारच. विशेष म्हणजे इटलीचे गणितज्ञ ज्युझेप्पे पेलेग्रिनो यांनी हे उत्तर १९७१ मध्ये, म्हणजे खेळ सुचण्याआधीच सिद्ध केले होते. चारऐवजी कितीही गुण असले तर काय, हा प्रश्न ‘कॅप सेट’ नावाने ओळखला जातो. त्यावर २०१६ मध्ये मोठी प्रगती झाली आणि २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या एआय प्रणालीनेही आठ गुणांसाठी आधीपेक्षा मोठी मांडणी शोधली.

कॅट घरी करता येतो का?

स्वतःसाठी सहज. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, कात्री आणि तीन रंगांचे स्केचपेन पुरेत. एका रंगाची २७ पाने, त्यात प्रत्येक आकाराची नऊ, अशा क्रमाने काढलीत तर चूक होत नाही. घरात कोणाला लाल-हिरवा ओळखायला अडचण असेल, तर काळा, पिवळा आणि निळा घ्या. मात्र खेळायला बसण्यापूर्वी पाने मोजा. एक जरी हरवले असेल, तर पालथ्या पानाचा हिशेब कधीच जुळणार नाही आणि दोष मात्र तुम्ही स्वतःला द्याल.