न्हाणीचं पाणी संडासाच्या टाकीत नको

जलजीवन मिशनने २०१९ साली माणशी रोज ५५ लिटर पाणी धरलं. पाच माणसांच्या घराला झाले पावणेतीनशे लिटर. हे पाणी वापरून जातं कुठं, ते एकदा घरामागं जाऊन बघा. संडास, न्हाणी, मोरी यांचे पाइप एकाच सेप्टिक टाकीत सोडले असतील, तर टाकी लवकर भरते म्हणून गवंड्याला बोल लावू नका.

टाकीत मैला तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते आणि मधलं पाणी शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ जिवाणू कुजवतात. त्यासाठी पाणी निदान एक दिवस निवांत थांबायला हवं. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी अन् धुणं एकदम आत आलं, की तळ ढवळतो आणि गाळ शोषखड्ड्यात शिरतो. तो खड्डा चोंदला की संडास तुंबतो, घाण अंगणात येते. जवळ विहीर असेल तर विचारूच नका. त्यात घरची मंडळी चकचकीत भांड्यासाठी अ‍ॅसिड ओतणार, म्हणजे जिवाणूही मेले!

न्हाणी-मोरीचं पाणी वेगळं काढून परसातल्या केळी-अळूला द्या, नाहीतर त्याला स्वतंत्र शोषखड्डा घ्या. गळकी तोटी आजच बदला. गाळ दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीनं उपसा. माणूस आत उतरवू नका. विषारी वायूनं जीव जातो, आणि सुरक्षा साधनांविना उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी, म्हणजे आपल्या जुन्या ग्रामसेवक भाऊसाहेबांनी, नव्या घराची नोंद लावताना न्हाणीचा पाइप कुठं जातो एवढं तरी पाहावं.