केप एपिक

केप एपिक ही दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात दरवर्षी भरणारी माउंटन बाइक प्रकारातील बहुदिवसीय सायकल शर्यत आहे. इ.स. २००४ मध्ये सुरू झालेली ही शर्यत सहसा मार्च महिन्यात होते. एक प्राथमिक टप्पा आणि त्यानंतरचे सात टप्पे अशा आठ दिवसांत स्पर्धक साधारणतः ६०० ते ७०० किलोमीटर अंतर कापतात. या काळातील एकूण चढाई १५,००० मीटरच्या आसपास, म्हणजे एव्हरेस्ट शिखराच्या उंचीच्या दीडपटीहून अधिक भरते. प्रत्येक संघ दोन सायकलपटूंचा असतो आणि दोघांनी संपूर्ण मार्ग एकत्र पार करणे बंधनकारक असते. या नियमामुळे केप एपिकचे डावपेच वैयक्तिक शर्यतींपेक्षा वेगळे ठरतात.

इतिहास

युरोपातील आल्प्स पर्वत ओलांडणारी ट्रान्सआल्प ही शर्यत इ.स. १९९८ पासून जोड्यांसाठी घेतली जात होती. दक्षिण आफ्रिकेचे केव्हिन व्हर्माक यांनी कोस्टा रिका येथील ला रूटा दे लोस कोंकिस्तादोरेस या बहुदिवसीय शर्यतीत भाग घेतल्यानंतर मायदेशी तशीच शर्यत भरवण्याचे ठरवले आणि तिच्यासाठी जोडीचे स्वरूप स्वीकारले. पहिली शर्यत इ.स. २००४ मध्ये नाइझ्ना या किनारी गावातून सुरू झाली. ती जर्मनीचा कार्ल प्लाट आणि नामिबियाचा मॅनी हेमन्स यांनी जिंकली. पुढे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने या शर्यतीला आपल्या प्रकारातील सर्वोच्च श्रेणी दिली. कोविड-१९ च्या साथीमुळे इ.स. २०२० ची शर्यत रद्द झाली, तर इ.स. २०२१ ची शर्यत मार्चऐवजी ऑक्टोबरमध्ये घेण्यात आली.

मार्ग आणि स्वरूप

शर्यतीचा मार्ग दरवर्षी बदलतो. स्टेलनबॉश, हर्मानस, टुलबाख, वेलिंग्टन, रॉबर्टसन आणि पार्ल ही गावे व त्यांच्या आसपासचे डोंगर, द्राक्षमळे आणि शेतरस्ते यांतून तो आखला जातो. डांबरी रस्त्याचा वापर अत्यल्प असतो. मार्गाचा मोठा भाग खडी-मातीचे रस्ते, वाळू, सुटे दगड आणि एका वेळी एकच सायकल जाऊ शकेल अशा अरुंद पायवाटा यांचा असतो. मार्च हा दक्षिण गोलार्धातील उन्हाळ्याचा शेवट असल्याने कडक ऊन व धूळ यांना तोंड द्यावे लागते. क्वचित पावसामुळे चिखलही होतो.

शर्यतीत सहाशेच्या आसपास जोड्या भाग घेतात. जागतिक दर्जाचे व्यावसायिक सायकलपटू आणि हौशी सायकलपटू एकाच मार्गावरून जातात. पुरुष, महिला आणि मिश्र जोड्यांसाठी स्वतंत्र गट असून प्रौढ स्पर्धकांसाठी वयानुसार गट आहेत. टप्पा संपल्यावर बहुतेक स्पर्धक तंबूंच्या तात्पुरत्या गावात मुक्काम करतात. हे गाव एकाच ठिकाणी काही दिवस असते व नंतर पुढील मुक्कामी हलवले जाते. प्रत्येक टप्प्यासाठी कमाल वेळ ठरलेली असते आणि ती उलटून गेल्यावर पोहोचणाऱ्यांना अधिकृत क्रमवारीतून वगळले जाते.

जोडीचा नियम

जोडीतील दोघांमध्ये शर्यतीदरम्यान दोन मिनिटांपेक्षा अधिक अंतर पडता कामा नये. मार्गातील तपासणी नाक्यांवर आणि अंतिम रेषेवर हे अंतर मोजले जाते. नियमभंग झाल्यास जोडीच्या वेळेत एका तासाची भर घातली जाते आणि तो वारंवार झाल्यास जोडी बाद होऊ शकते. जोडीची वेळ दुसरा सायकलपटू अंतिम रेषा ओलांडतो तेव्हाची धरली जाते. त्यामुळे एक जण कितीही वेगवान असला, तरी जोडीचा वेग तिच्यातील त्या क्षणी मंद असलेल्या व्यक्तीइतकाच राहतो.

या नियमाचा एक हेतू सुरक्षेचा आहे. दुर्गम भागात एखादा सायकलपटू पडल्यास किंवा उष्माघाताने अस्वस्थ झाल्यास मदत बोलावण्यासाठी सोबती जवळ असतो.

श्रमांची विभागणी

दोघांची ताकद क्वचितच सारखी असते. त्यामुळे बलवान सायकलपटूची शिल्लक शक्ती दुसऱ्याच्या उपयोगी कशी आणायची, हा डावपेचाचा मुख्य भाग ठरतो. सपाट रस्त्यावर, विशेषतः समोरून वारा असताना, बलवान सायकलपटू पुढे राहतो. त्याच्या मागे चाकाला चाक लावून जाणाऱ्याला हवेचा अवरोध कमी जाणवतो व तितकेच अंतर कमी श्रमात कापता येते.

चढावर वेग कमी असल्याने या आडोशाचा लाभ जवळजवळ नाहीसा होतो. तेथे श्रम प्रामुख्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध खर्च होतात. म्हणून अवजारे, पाणी यांचा भार बलवान सायकलपटूने उचलणे उपयुक्त ठरते. काही जोड्यांत तो एका हाताने सायकल सांभाळून दुसरा हात सोबत्याच्या पाठीवर ठेवतो आणि त्याला ढकलतो. चढावर मंद सायकलपटूला पुढे ठेवण्याची पद्धतही रूढ आहे. त्यामुळे वेग त्याच्या कुवतीनुसार ठरतो आणि मागे पडण्याच्या धास्तीने आरंभीच दमछाक होत नाही. उतारावर मात्र कौशल्याला महत्त्व येते. जो अधिक कुशल असतो तो पुढे राहून योग्य वाट दाखवतो.

ताकदीचा हा तोल आठ दिवस कायम राहत नाही. पहिल्या दिवशी पुढे असलेला सायकलपटू अपुरे खाणे, पोटाचे विकार किंवा झोपेचा अभाव यांमुळे चौथ्या-पाचव्या दिवशी मागे पडू शकतो. शारीरिक तयारीइतकेच महत्त्व जोडीतील संवादाला दिले जाते ते यामुळेच. थकवा लपवून वेग टिकवणारा स्पर्धक काही किलोमीटरनंतर अचानक कोसळल्यास दोघांचाही वेळ जातो. तेच वेळीच सांगितल्यास वेग थोडा कमी करून नुकसान टाळता येते.

जोडी तुटल्यास

आजार, दुखापत किंवा सायकलमधील बिघाडामुळे एकाने माघार घेतली, तर जोडी क्रमवारीतून बाद होते. उरलेल्या सायकलपटूला नियमांच्या अधीन राहून एकट्याने पुढे जाता येते. मात्र त्याची नोंद वैयक्तिक पूर्तता करणारा म्हणून वेगळी होते. त्याला जोडीच्या निकालात स्थान मिळत नाही आणि इतर संघांच्या निकालावर परिणाम होईल असे साहाय्य करता येत नाही.

शर्यत तीन वेळा पूर्ण करणाऱ्यांना ‘अमाबुबेसी’ या मंडळाचे सदस्यत्व मिळते. झुलू भाषेत या शब्दाचा अर्थ ‘सिंह’ (अनेकवचनी) असा आहे.

उल्लेखनीय जोड्या

पुरुष गटात कार्ल प्लाट आणि स्वित्झर्लंडचा क्रिस्टोफ साउझर यांनी प्रत्येकी पाच विजेतेपदे मिळवली आहेत. दोघांनीही ती तीन वेगवेगळ्या साथीदारांसह मिळवली. प्लाटने मॅनी हेमन्ससोबत इ.स. २००४ मध्ये, स्टेफान झामसोबत २००७, २००९ व २०१० मध्ये आणि उर्स हूबरसोबत २०१६ मध्ये विजय मिळवला.

साउझरने पहिले विजेतेपद इ.स. २००६ मध्ये सिल्व्हिओ बुंडीसह मिळवले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेचा बरी स्टँडर याच्यासह तो इ.स. २०११ व २०१२ मध्ये विजयी झाला. ३ जानेवारी २०१३ रोजी सराव करत असताना रस्ते अपघातात स्टँडरचा मृत्यू झाला. त्या वर्षी मार्चमध्ये साउझर लंडन ऑलिंपिकमधील सुवर्णपदक विजेता चेक सायकलपटू यारोस्लाव्ह कुल्हावी याच्यासह सहभागी झाला आणि ही जोडी जिंकली. इ.स. २०१५ मध्ये त्यांनी पुन्हा विजेतेपद मिळवले.

महिला गटात डेन्मार्कच्या आनिका लांगवाडने आरिआने ल्यूतीसह इ.स. २०१४ ते २०१६ अशी सलग तीन आणि केट कोर्टनीसह २०१८ मध्ये एक विजेतेपद मिळवले. इ.स. २०१९ मध्ये तिची साथीदार नेदरलँड्सची आना फान डेर ब्रेगन होती. फान डेर ब्रेगन त्या वेळी रस्ता शर्यतीची विद्यमान जगज्जेती होती. माउंटन बाइक हा तिचा मुख्य प्रकार नव्हता. तिची दीर्घ पल्ल्याची ताकद आणि लांगवाडचा खडतर वाटांचा अनुभव एकत्र आल्याने या जोडीने विजेतेपद मिळवले. इ.स. २०१४ पासून महिला व पुरुष गटांच्या बक्षिसाची रक्कम समान करण्यात आली.