इंग्रजी वाक्यातला स्वल्पविराम: कुठे द्यायचा, कुठे नाही

धर्मापुरीत आज समोर तरुण मुलंमुली जास्त दिसताहेत, म्हणून विषय त्यांच्या रोजच्या गरजेचा घेतला आहे. नोकरीचा अर्ज, बँकेला पत्र, कंपनीला मेल, कुठल्या तरी कार्यालयाकडे तक्रार, हे सगळं आता इंग्रजीत लिहावं लागतं. स्पेलिंग मोबाइल सुधारून देतो. स्वल्पविराम मात्र बऱ्याचदा आपल्यालाच ठरवावा लागतो, कारण आपल्या मनात काय आहे हे मोबाइलला माहीत नसतं.

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने व्याकरणात कशाला पडावं, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर सोपं आहे. एखाद्या विधानात कोण मोजला गेला आणि कोण वगळला गेला, हा तर्कशास्त्राचा अगदी पहिला प्रश्न आहे. इंग्रजीत त्याचं उत्तर पुष्कळदा या एवढ्याशा चिन्हावर अवलंबून असतं. फळ्यावरची इंग्रजी वाक्यं मी देवनागरीतच लिहितो. लिपी बदलली म्हणून स्वल्पविरामाची जागा बदलत नाही.

आधी हे बघू, की आपली चूक येते कुठून. आपण मराठी माणसं स्वल्पविराम श्वासासाठी देतो. वाचताना जिथे थांबावंसं वाटतं, तिथे टिंब आणि शेपटी. मराठीत ते बरंचसं चालून जातं, आणि त्याला कारण आहे. आपल्या भाषेने शेकडो वर्षं या चिन्हाशिवाय काढली. तुमच्या गावच्या केदारेश्वर मंदिरासारखी मंदिरं उभी राहिली, त्या काळातले शिलालेख पाहा. अक्षरं सलग कोरलेली, फार तर एखादा उभा दंड. मोडी कागद पाहा. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागासुद्धा सोडत नसत. तरी त्यावर राज्यकारभार चालला, वतनं दिली गेली, हिशेब झाले. आजची विरामचिन्हं मराठीत रुळली ती छपाईबरोबर, एकोणिसाव्या शतकात. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका काढली. म्हणजे आपला स्वल्पविराम पावणेदोनशे वर्षांचा आहे.

त्याआधी निभावलं कसं? तर मराठीत वाक्याचे सांधे शब्दांतच असतात. ‘वाघाने शेतकऱ्याला पाहिलं’ म्हणा, नाहीतर ‘शेतकऱ्याला वाघाने पाहिलं’ म्हणा, कुणी कुणाला पाहिलं हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. हाक मारायची तर ‘मुलांनो’ म्हणतो. तो ‘नो’ सांगतो की ही हाक आहे. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय जवळजवळ नाहीत. तिथे शब्दाची जागा बोलते, आणि जागेने भागत नाही तिथे स्वल्पविराम बोलतो. म्हणून इंग्रजीतला स्वल्पविराम हा व्याकरणाचा भाग समजून शिकायचा, श्वासाचा नव्हे.

आता एकेक जागा घेऊ. हाकेपासूनच सुरू करतो. ‘आय डोंट नो, मॅडम’ याचा अर्थ ‘मला माहीत नाही, मॅडम’. स्वल्पविराम काढा: ‘आय डोंट नो मॅडम’. आता अर्थ झाला, ‘मी मॅडमना ओळखत नाही’. मराठीत हा घोटाळा होत नाही, कारण ‘मॅडमना’ म्हटल्याशिवाय तो दुसरा अर्थ येतच नाही. तेव्हा अर्जात, मेलमध्ये ज्याला उद्देशून लिहिताय, त्याचं नाव किंवा ‘सर’ स्वल्पविरामाने वेगळं काढायचं.

दुसरी जागा, आधी येणारं उपवाक्य. ‘व्हेन द बुलॉक्स ईट द फार्मर रेस्ट्स.’ म्हणायचं आहे की बैल खात असतात तेव्हा शेतकरी विसावा घेतो. वाचणारा मात्र ‘फार्मर’पर्यंत येतो तोवर बैलांनी शेतकऱ्यालाच खाल्लेलं असतं! ‘ईट’नंतर स्वल्पविराम दिला की शेतकरी वाचला. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘ऑल्दो’ यांचं उपवाक्य आधी आलं की त्याच्या शेवटी स्वल्पविराम. ‘व्हेन’ किंवा ‘इफ’चं उपवाक्य मुख्य वाक्याच्या मागून आलं, तर सहसा लागत नाही.

तिसरी, चौथी आणि पाचवी या तीन जागा अशा, की जिथे आपण मराठीच्या सवयीने नको तिथे स्वल्पविराम देतो.

एक, लांबलचक कर्त्यानंतर. ‘द फार्मर्स ऑफ अवर व्हिलेज, हॅव नॉट रिसीव्हड द मनी.’ एवढा मोठा कर्ता म्हणून झाला, की आपल्याला दम घ्यावासा वाटतो. इंग्रजीत कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये एकटा स्वल्पविराम येत नाही, कर्ता कितीही लांब असो.

दोन, ‘दॅट’च्या आगेमागे. ‘तो म्हणाला, की मी येतो’ असं आपण लिहितो. कुणी ‘की’च्या आधी स्वल्पविराम देतो, कुणी नंतर. त्याच सवयीने ‘ही सेड, दॅट ही वुड कम’ लिहिलं जातं. तिथे तो नको. बोलणाऱ्याचे शब्द अवतरणात जसेच्या तसे दिले, तर मात्र ‘ही सेड’नंतर हवा.

तीन, दोन पूर्ण वाक्यं नुसत्या स्वल्पविरामाने जोडणं. ‘पाऊस आला, आम्ही घरी गेलो’ हे मराठीत ऐटीत चालतं. ‘द रेन केम, वी वेंट होम’ हे इंग्रजी परीक्षक चूक धरतो. तिथे ‘अँड’ किंवा ‘सो’ घाला, अर्धविराम द्या, नाहीतर सरळ पूर्णविराम द्या.

आता ज्या जागेसाठी मी हा विषय घेतला, ती सांगतो. जरा लक्ष द्या. आपल्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला माणसं जातात. समजा, वीस जणांची टोळी गेली. हंगाम संपला, सगळे परत आले, आणि काहींची मजुरी राहिली. गावातल्या शिकलेल्या पोराला म्हणतात, बाबा, तू इंग्रजीत तक्रार लिहून दे. तो लिहितो: ‘द वर्कर्स हू वेअर नॉट पेड हॅव कम होम.’ स्वल्पविराम नाही. याचा अर्थ होतो, ज्या कामगारांना मजुरी मिळाली नाही, तेवढे घरी आले आहेत. काहींना मिळाली असेल असंही त्यातून सूचित होतं. आता दोन स्वल्पविराम घालू: ‘द वर्कर्स, हू वेअर नॉट पेड, हॅव कम होम.’ अर्थ बदलला. सगळे कामगार घरी आले, आणि सगळ्यांचीच मजुरी राहिली. पहिल्या वाक्यात आठ जणांची बाकी असू शकते. दुसऱ्यात वीसच्या वीस जणांची. शब्द तेच, मागणीची रक्कम वेगळी.

आपल्या न्यायशास्त्रात विशेषणाचं एक काम सांगितलं आहे व्यावृत्ती, म्हणजे इतरांपासून वेगळं काढणं. ‘निळं कमळ’ म्हटलं की पांढरं आणि लाल कमळ बाजूला पडलं. इंग्रजीत ‘हू’ किंवा ‘विच’ने येणारं उपवाक्य असं वेगळं काढत असेल, तर स्वल्पविराम द्यायचा नाही. ते वेगळं काढत नसेल, नुसती जास्तीची माहिती देत असेल, तर दोन्ही बाजूंनी द्यायचा. कंस जसा उघडला की मिटावा लागतो, तसंच हे. वाक्याच्या मध्ये असेल तर एक देऊन भागत नाही.

आणि मराठीतून इंग्रजी करताना इथेच एक खड्डा आहे. ‘मजुरी न मिळालेले कामगार परत आले’ हे वाक्य घ्या. सगळ्यांना मिळाली नाही, की काहींना? मराठी वाक्य हे सांगतच नाही. बोलताना चालून जातं, कारण ऐकणाऱ्याला टोळी माहीत असते. इंग्रजीत ‘हू’ लिहिलं की तुम्हाला ठरवावंच लागतं. तेव्हा लिहून देणाऱ्याने पेन टेकवण्याआधी विचारायचं, ‘काका, किती जणांची राहिली?’ उत्तर मिळालं की स्वल्पविरामाची जागाही मिळाली. मूळ मराठीतही मग ‘ज्या आठ जणांना मजुरी मिळाली नाही, ते’ असं उघड लिहावं. आपला ‘जो-तो’ या कामाला फार उपयोगी आहे.

याने खरंच फरक पडतो का? दोन खटले सांगतो. महाराष्ट्र राज्य एका बाजूला असलेला औषधांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९७९ च्या निकालसंग्रहात तो छापलेला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या सत्ताविसाव्या कलमात तेव्हा शब्दांचा क्रम असा होता: ‘मॅन्युफॅक्चर्स फॉर सेल, सेल्स, स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल ऑर डिस्ट्रिब्यूट्स’. प्रश्न असा, की औषधं नुसती जवळ साठवणं हा या कलमाखाली गुन्हा आहे का? न्यायालयाने दाखवलं, की ‘स्टॉक्स’नंतर स्वल्पविराम नाही. म्हणजे ‘स्टॉक्स ऑर एक्झिबिट्स फॉर सेल’ हा एकच अखंड तुकडा आहे, आणि ‘विक्रीसाठी’ हे शब्द साठवण्यालाही लागू होतात. विक्रीसाठी साठवलं असेल, तरच या कलमाखाली गुन्हा.

दुसरा खटला अमेरिकेतल्या मेन राज्यातला. दूध कंपनीच्या ट्रकचालकांनी जादा वेळेचे पैसे मागितले. कायद्यात ज्या कामांना जादा वेळेचे पैसे लागू नव्हते, त्यांची यादी होती, आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असे शब्द. ‘शिपमेंट’नंतर स्वल्पविराम नव्हता. कंपनी म्हणाली, माल वाटणं हे यादीतलं वेगळं काम आहे. चालक म्हणाले, यादीत आहे ते फक्त पॅकिंग, मग ते पाठवण्यासाठी असो की वाटण्यासाठी. आम्ही पॅकिंग करत नाही. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने मजकूर संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने कौल दिला, आणि २०१८ मध्ये पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. यावरून यादीचा नियम घ्या. शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधी स्वल्पविराम काही जण देतात, काही देत नाहीत, दोन्ही चालतं. पण तो न दिल्याने दोन अर्थ निघत असतील, तर द्यायचाच.

अर्थात न्यायालयं केवळ चिन्ह बघून निकाल देतात असं समजू नका. कायद्याचा हेतू, मागचापुढचा मजकूर, सगळं पाहतात. पण न्यायालयात वकील असतो, वाद घालायला वेळ असतो. तुमचा अर्ज ज्या टेबलावर जातो, तिथे तुम्ही उभे नसता. तिथे तुमच्या वतीने तुमचं वाक्यच बोलतं.

घरी जाऊन एवढं करा. आपण लिहिलेलं कुठलंही एक इंग्रजी पत्र घ्या. प्रत्येक स्वल्पविरामावर बोट ठेवा आणि विचारा, हा इथे कशासाठी आहे? हाक, यादी, आधी आलेलं उपवाक्य, जास्तीची माहिती, ‘अँड’ने जोडलेली दोन वाक्यं, अवतरण. यातलं एखादं उत्तर आलं तर राहू द्या. ‘इथे थांबावंसं वाटलं’ एवढंच उत्तर आलं, तर बहुतेक वेळा तो खोडायचा. मग प्रत्येक ‘हू’ आणि ‘विच’पाशी थांबा आणि विचारा, सगळे की काही? याचं उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळणार नाही. ते ज्याच्यासाठी लिहिताय, त्या माणसाला विचारावं लागेल.

आता प्रश्न असतील तर घेऊ.