स्कूबासाठी घड्याळ घेताना

घड्याळाच्या पाठीवर ‘30 मीटर’ कोरलेलं असलं, म्हणजे ते घालून 30 मीटर खोल जाता येतं असं नाही. तो आकडा चाचणीतल्या स्थिर दाबाचा. असं घड्याळ पावसात, हात धुताना टिकेल, एवढंच. स्कूबासाठी ‘आयएसओ 6425’ मानकाचं, किमान 100 मीटरचं हवं. 200 मीटरचं असेल तर उत्तम.

पण पाणी शिरलं नाही म्हणजे काम झालं, असंही नाही. दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि श्वासातला नायट्रोजन शरीरात विरघळत जातो. झपाट्याने वर आलात, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून खरी खरेदी मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरची. तो खोली आणि वेळ मोजून अजून किती मिनिटं खाली राहता येईल ते सांगतो, वर येण्याचा वेग वाढला की इशारा देतो, 5 मीटरवरच्या 3 मिनिटांच्या थांब्याची उलटी मोजणी करतो. विमानात कधी बसावं हेही दाखवतो. गोव्यात दोन-तीन दिवस डाइव्ह करून थेट विमानतळ गाठणाऱ्यांनी तिकडे जरूर बघावं. शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास जाऊ द्यायचे असतात.

आकडे ठळक हवेत, बटणं हातमोज्यांतूनही दाबता यावीत. तारकर्लीला एकदाच हौसेने उतरणार असाल, तर मात्र पैसे वाचवा; तिथे खोली आणि वेळ प्रशिक्षकच सांभाळतो.